तापलेला फाळ

जोहॅनाने दाराला अडसर घातला आणि नांगराचा फाळ विस्तवात खुपसला. सकाळपासून तीनदा घुसळूनही लोणी आलं नव्हतं.

"आता येईल ती," ती म्हणाली. "फाळ लाल झाला की लोणी चोरणारीची आतडी जळतात. पहिली जी बाई दार वाजवेल, तीच."

ईली पिंपातला दांडा वरखाली करत होती. या घरात येऊन तिला चार महिने झाले होते. "सासूबाई, साय गार आहे. पिंप चुलीजवळ घेऊ का?"

"घे. माहेरी हेच शिकलीस वाटतं, हातांचं काम चुलीवर ढकलायला."

ईलीने पिंप सरकवलं. मग म्हणाली, "आज माझी आई यायची आहे."

टाइग, तिचा नवरा, बुटांकडे बघू लागला.

"मग दुसरी कुणी आधी येऊ दे म्हणून माळ ओढ," जोहॅना म्हणाली.

"वाटेत गाठून तिला थांबवू?" ईलीने विचारलं.

"फाळ विस्तवात असताना दार उघडत नाहीत."

गेल्या साली शेजारच्या ब्रीनांच्या दारात, फाळ तापत असताना, अशीच एक म्हातारी आली होती, चिमूटभर मीठ मागायला. तिच्या शेळ्यांना आता कुणाच्या रानातून वाट मिळत नाही. प्रार्थनेला ती देवळाबाहेर उभी असते.

फाळाचं टोक तांबूस झालं. लांबून काठीचा आवाज आला. दोन पावलं, मग काठी. पुन्हा दोन पावलं. ईलीला ती चाल पाठ होती.

"आली," जोहॅना म्हणाली.

ईलीने दांडा सोडला. "काढा तो. मला भाजतंय."

"काय म्हणालीस?"

"फाळ काढा. लोणी मीच मंत्राने बांधलंय. सोडते."

टाइग उठून उभा राहिला. जोहॅनाने सुनेकडे नीट पाहिलं. तिला फारसं नवल वाटलेलं दिसलं नाही. तिने चिमट्याने फाळ उचलून पाण्यात बुडवला. चर्र झालं, आणि दारावर थाप पडली. टाइगने अडसर काढला.

"कामाला देवाची बरकत," म्हणत आई आत आली. आल्यागेल्याने घुसळणीला हात लावायच्या रीतीप्रमाणे, शालही न काढता, तिने आधी दांडा हातात घेतला. दहा-बारा वेळा हलवला असेल. पिंपातला आवाज जड झाला, दांड्याला पिवळे कण चिकटून वर आले.

"घ्या. माझा हात लागायचाच उशीर होता," आई हसली.

ईलीने लोणी काढायला बाही सरसावली.

"राहू दे," जोहॅना हळू आवाजात म्हणाली. "यापुढे या घरात तू लोण्याला हात लावायचा नाहीस."

आईने शाल सोडली आणि चुलीपाशी टेकली. "फार लाड करता हो सुनेचे," ती म्हणाली.