सजीव आढळले नाहीत

गुडघ्यापर्यंत बूट चढवून साहेब समुद्रातल्या खडपावर उतरला, तेव्हाच भागीरथीनं त्याला जोखलं. चाळीस वर्षं ती इथं अनवाणी कालवं काढत होती. पाय कुठं टाकावा याची अक्कल बुटाला नसते.

जेटीसाठी हा खडप सुरुंगानं उडवायचा होता. त्याआधी इथं काय काय जगतं, ते लिहून न्यायला साहेब आला होता. अमावस्येच्या ओहोटीनं खडप पार तळापर्यंत उघडा पडलेला. साहेबानं बुटानं एक धोंडा उलथवला, खाली चिकटलेले मऊ तपकिरी गोळे पाहून नाक मुरडलं आणि कागदावर लिहिलं, 'सजीव आढळले नाहीत.'

"गावातर्फे सही कर इथं."

"आधी धोंडो होतो तसो ठेवा," भागीरथी म्हणाली. उलथलेला धोंडा तसाच टाकला तर खालचं सगळं वाळून मरतं, हे किनाऱ्यावरच्या शेंबड्या पोरालाही कळतं.

साहेब हसला. "बाई, नुसती घाण आहे ही. बघ." त्यानं वाकून सगळ्यात फुगलेल्या गोळ्यात पेन खुपसलं.

त्याला सावध करायला भागीरथीपाशी वेळ होता. तिनं तोंड मिटून घेतलं.

गोळ्यानं खाऱ्या पाण्याची चिळकांडी थेट साहेबाच्या तोंडावर मारली. चष्मा भिजला, कागदावरची शाई पसरली.

कालवं काढायची कोयती कमरेला खोचत भागीरथीनं विचारलं, "साहेबानू, हय जिवंत काय नाय मा? मगे तुमच्यार थुकला कोण?"