जमिनीखालचा प्राणी

“मॅमथ,” बाईंनी कार्ड वाचायला घेतलं आणि पहिल्याच शब्दाला त्यांचा आवाज चिरकला.

शब्दकोशाच्या कचेरीतली रीतच होती. छपाईला जाण्याआधी प्रत्येक कार्ड एकानं मोठ्यानं वाचायचं आणि दुसऱ्यानं मूळ प्रतीवर टिक मारायची. बाई वाचत. समोरचे वयस्कर गृहस्थ वर्षानुवर्षं टिक मारत आले होते, म्हणून सगळे त्यांना टिकमास्तर म्हणत.

“इंग्रजीत रशियनमधून आलेला शब्द. अर्थ एक, नामशेष झालेला केसाळ हत्ती. अर्थ दोन, अवाढव्य, प्रचंड. टीप. उत्तरेकडच्या बर्फाळ मुलखात त्याची हाडं जमिनीतच सापडत. त्यामुळे तिथले लोक समजत, हा जमिनीखाली बिळं करून राहतो आणि उजेड लागला की मरतो. जिवंत...”

पुढचं वाचवेना. सकाळपासून पर्समधला लखोटा त्यांचा जीव खात होता. स्तनातल्या गाठीचा रिपोर्ट. नवऱ्याला पत्ता नव्हता, लेकीला तर नाहीच. आणि उघडायचा धीर त्यांना स्वतःलाही होत नव्हता.

“काय बाई, हत्ती घशात अडकला का?” मास्तरांनी चष्म्यावरून पाहिलं.

बाईंनी हसायचा प्रयत्न केला, तो काही जमला नाही. त्यांनी लखोटा काढून टेबलावर ठेवला. “एवढं वाचता? मला भीती वाटते हो, मास्तर. फार भीती वाटते.”

मास्तरांची थट्टा जागच्या जागी विरली. हातातली पेन्सिल त्यांनी बाईंना दिली, लखोटा फोडला आणि कार्ड वाचावं तसं सावकाश वाचू लागले. नाव. वय. डावी बाजू. मग थांबले.

“वाचा, मास्तर. गाळू नका काही.”

“गाठ कर्करोगाची आहे,” ते म्हणाले. “आकार सहा मिलिमीटर.”

“किती?” बाईंनी विचारलं.

“सहा.”

टेबलावरची फूटपट्टी बाईंनी जवळ ओढली आणि पेन्सिलीच्या टोकानं बारक्या रेघा मोजल्या. सहा. त्यांवर अंगठ्याचं नख ठेवलं, तर सगळं झाकून गेलं. मास्तर काहीबाही सांगत होते, लवकर सापडलीय, उद्याच डॉक्टरांकडे जाऊ, मी येतो बरोबर. बाई मान हलवत होत्या. पण नख उचलायचं काही त्यांना धाडस होईना.