शेवंतीने घेतलेलं नाव

शेवंती गेल्याचं कमळाबाईंना कळलं ते शेवंतीचाच निरोप आल्यावर.

दुपारी त्यांचा फोन आला तेव्हा शेवंतीचे यजमान जयवंत लालबागच्या खोलीत कांदा चिरत होते. लेक मेघना मोरीत बांगडे धूत होती.

"भावोजी, तुम्ही घरी? शेवंती तर म्हणाली, तुम्ही दवाखान्यात आहात."

जयवंतांनी सुरी खाली ठेवली. शेवंती आणि कमळाबाई लोअर परळला एका शिवणकामाच्या कारखान्यात शेजारी-शेजारी मशिनीवर बसायच्या. कारखाना बंद झाला, कमळाबाई माहीमला लेकाकडे गेल्या. मग बोलणं फक्त सणासुदीला. कळवायच्या माणसांत त्या राहूनच गेल्या होत्या.

"शेवंती गेली, कमळाबाई. दिवाळीच्या आधी."

"मग आत्ता मोबाइलवर तिच्या आवाजात निरोप आला, तो कोणाचा?"

मेघना ओल्या हातानेच उठली. तिने फोन स्पीकरवर टाकला. "मावशी, तुम्ही काही पाठवलंत का तिला?"

"नाही गं. म्हणाली, तुझ्या मोबाइलवर एक नंबर येईल, तो लगेच मला पाठव. आला पण नंबर. पण मला खटकलं. ती म्हणते, 'जयवंत दवाखान्यात आहेत.' अगं, एवढी वर्षं शेजारी बसले मी, हिने कधी नवऱ्याचं नाव घेतलं नाही. सुपरवायझरने विचारलं तर माझ्याकडे बोट दाखवून म्हणायची, हिला विचारा. हळदीकुंकवाला उखाणा घ्यायला लावला, तर नावाच्या जागी तोंडात पदर. आम्ही चिडवून चिडवून थकलो. म्हटलं, आधी भावोजींना फोन करावा."

"बरं केलंत. तो नंबर कोणालाच देऊ नका. आणि तो आवाज बाबांना पाठवा, तक्रारीला लागेल."

क्लिप आली. मेघना म्हणाली, "बाबा, तुम्ही नाही ऐकलंत तरी चालेल."

त्यांनी ऐकली. शेवंतीच होती. तीच घाई, वाक्याच्या शेवटी तसाच खाली येणारा सूर.

मेघनाने सगळं समजावून सांगितलं. आईचे मासे करतानाचे व्हिडिओ फेसबुकवर सगळ्यांना खुले होते. तेवढ्यावरून हल्ली कोणाचाही आवाज बनवता येतो. आईचाच फोटो लावून कोणीतरी दुसरं खातं उघडलं होतं, निरोप त्यावरूनच आला होता. त्या खात्याची तक्रार झाली, सायबर पोलिसांकडेही झाली. व्हिडिओ मेघनाने बंद करून ठेवले. बांगडे तसेच राहिले.

"आईच्या ओळखीतल्या सगळ्यांना सांगायला हवं, बाबा. आणि ते तुमच्याच तोंडून."

जयवंतांनी शेवंतीचा फोन हातात घेतला आणि आवाज भरायचं बटण दाबून धरलं.

"मी शेवंतीचा नवरा बोलतोय. शेवंती आता नाही." त्यांनी ते पुसलं, पाणी प्यायलं, पुन्हा सुरुवात केली. "तिच्या आवाजात कोणी काही मागितलं, तर देऊ नका. आधी मला फोन करा." शेवटी म्हणाले, "आणि ती माझं नाव घेऊन बोलली, तर ती आमची शेवंती नव्हे."

एकेकीला निरोप जात राहिला.

संध्याकाळी निघताना ती चपला घालता घालता म्हणाली, "पोलिसांना पाठवलीय ती क्लिप. आता तुमच्या फोनमधून पुसून टाका, बाबा. चुकून कोणाला गेली तर पुन्हा घोळ."

"पुसतो."

ती जिना उतरेपर्यंत ते दारात उभे राहिले. मग आत येऊन त्यांनी फोन कानाला लावला. 'जयवंत' एवढा शब्द ऐकला आणि पुढचं बंद केलं. पुन्हा पहिल्यापासून लावलं.

खोटं आहे, हे त्यांना ठाऊक आहे. मेघनाने सांगितलेलं बाकी सगळं झालं आहे. क्लिप पुसायची राहिली आहे.