सातव्या पिढीचं नाव

सकाळपासून पसंतीची यादी चौथ्यांदा बदलली होती.

"तुझंच तुला ठरत नाहीये, पोरी," खिडकीपलीकडून दामिराएझे म्हणाल्या. नारिन शहराच्या प्रवेश कार्यालयात त्या अठरा वर्षं कारकून होत्या; सगळे त्यांना एझे, म्हणजे ताई, म्हणत. "नऊला माहिती-सुरक्षा. नऊ वीसला परिचारिका विद्यालय. दहाला परत माहिती-सुरक्षा. आता बघ, पुन्हा परिचारिका. बारा वाजता यादी बंद होईल. तेव्हा जे वर असेल, तिथे प्रवेश. मग माझ्याकडे येऊन रडायचं नाही."

"मी दोनदाच बदललं, एझे," बेगायिम म्हणाली. "बाकीचं दोनदा त्यांनी."

तिने बोट दाखवलं नाही. मागच्या बाकावर एकच माणूस बसला होता, तिचे काका एसेनकुल. कल्पाक टोपी शेजारी काढून ठेवलेली, गालात वाळवलेल्या दह्याची कुरुत गोळी, हातात मोबाइल. पकडले गेल्याचा भाव त्यांच्या चेहऱ्यावर नव्हता.

"उत्तर बरोबर आलं की यंत्राच्या लेखी ती तूच," दामिराएझे म्हणाल्या. "दर वेळी बरोबरच आलंय."

"येणारच. ओळखक्रमांक माझ्या दाखल्यावर आहे, दाखला काकांच्या कपाटात आहे. आणि प्रश्न काय, तर सातव्या पिढीच्या पूर्वजाचं नाव सांगा. कोणी ठरवला हा प्रश्न? आमच्या गावात चाळीस घरं आहेत. चाळीस घरांना ते नाव पाठ आहे. लग्नात विचारतात, मयताला विचारतात. वाटेत भेटलेला म्हातारा घोडा थांबवून विचारतो. आणि तुम्ही ते गुपित म्हणून घेता?"

"राजधानीत, बिश्केकला ठरलं," दामिराएझे म्हणाल्या. "पासवर्ड पोरं विसरतात. पूर्वज कोणी विसरत नाही."

बेगायिम बाकाकडे वळली. "काका, ही चोरी आहे."

"चोरी?" काकांनी गोळी या गालातून त्या गालात सरकवली. "ओमुर्झाक तुझा सातवा, माझा सहावा. तुझ्यापेक्षा मलाच जवळचा. आपल्याच माणसाचं नाव लिहिलं. त्यात कुणाचं काय चोरलं?"

बेगायिमने मनात पिढ्या मोजल्या. गणित बरोबर होतं. त्यानेच तिचा संताप आणखी चढला.

"आणि हे तुझ्याच भल्यासाठी," काका म्हणाले. "संगणकाचं काम उद्या संगणकच करणार, बातम्यांत रोज सांगतात. तू पाच वर्षं शिकून बाहेर पडशील तोवर तुझ्या खुर्चीत यंत्र बसलेलं असेल. सुई टोचायला मात्र माणूसच लागतो. तुझा बाप मॉस्कोत. मग हे बघायचं कोणी?"

"मला पटलं असतं तर मीच लिहिलं असतं. विचारलंत का मला?"

"विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस."

दामिराएझेंना हसू आलं. ते लपवायला त्यांनी खाली वाकून कागद सारखे केले.

"एझे, उत्तर बदलता येतं का?"

"प्रश्न बदलत नाही. उत्तर बदलता येतं." त्यांनी आवाज उतरवला. "पण खरं नाव एकच असतं ना, पोरी."

काकांनी मान वर केली. गोळी चघळायचं थांबलं.

"खोटं नाव लिहिणार?" ते म्हणाले. "सात पिढ्या सांगता येत नाहीत त्याला आपल्यात गुलाम म्हणतात. तीन वर्षांची होतीस तू. घोड्यावर पुढ्यात बसवून मी तुझ्याकडून पाठ करून घेतलं. ओमुर्झाकपाशी आलीस की जीभ अडखळायची तुझी."

"आठवतंय मला."

"मग?"

"रिसबेक, झाकीप, आलिमकुल, तिनाय, सोरोनबाय, दुलात, ओमुर्झाक." ती कुठेही थांबली नाही. "बरोबर?"

"बरोबर."

"कधीही विचारा, सांगेन. माझ्या पोरांनाही शिकवीन. पण चाळीस घरांत ज्याची किल्ली वाटलीय, त्याला मी कुलूप म्हणणार नाही."

तिने खिडकीतला कीबोर्ड स्वतःकडे ओढला. आधी यादीत माहिती-सुरक्षा परत वर आणली. मग उत्तराच्या चौकटीतलं नाव पुसलं. अक्षरं एकेक करून गेली. रिकाम्या चौकटीत तिने काहीतरी टाइप केलं, डावा तळहात वर आडवा धरून. दामिराएझेंनाही दिसलं नाही.

"लक्षात ठेव," त्या म्हणाल्या. "तीनदा चुकलं तर खातं उद्यापर्यंत बंद."

अकरा वाजून चाळीस मिनिटं झाली होती.

बाकावर काकांचा जाड अंगठा मोबाइलवर फिरत होता. त्यांनी नाव लिहिलं आणि पडद्याकडे बघत राहिले. पुसून पुन्हा लिहिलं. तिसऱ्यांदा लिहिताना ते एकेक अक्षर मोठ्याने म्हणत होते, लहान पोराला शिकवावं तसं. मग तेही थांबलं.

ते उठले. टोपी डोक्यावर ठेवली आणि खिडकीपाशी आले. पुतणीकडे न बघता त्यांनी मोबाइल आत सरकवला. पडद्यावर लाल ओळ होती: खातं उद्यापर्यंत बंद.

"बाई, तुमचं यंत्र बिघडलंय," ते म्हणाले. "ओमुर्झाक कोण, ते ओळखतच नाही."