भुऱ्याशिवाय पहिली फेरी

आमचा कुत्रा भुऱ्या गेला, त्यानंतर आज पहिल्यांदाच अप्पा, माझे सासरे, एकटे फिरायला निघाले. मला बरंच वाटलं.

दिवेलागण झाली तरी परतले नाहीत, तेव्हा बाळाला कडेवर घेऊन मी शोधायला निघाले. मागच्याच गल्लीत, इस्त्रीवाल्याच्या टपरीपाशी उभे होते.

"इथून तो मला ओढायचा गं," ते ओशाळून हसले. "मी आपला मागनं चालायचो. घर कुठल्या अंगाला, आठवतच नाही बघ."

आणि आम्ही त्या मुक्या जिवालाच ओरडायचो, म्हाताऱ्या माणसाला असं फरफटवतोस काय म्हणून!

मी त्यांचा हात धरला. आमचं फाटक दिसलं तसे ते थबकले.

"तुझ्या सासूला सांगू नकोस हं. ती मग मला एकट्याला उंबऱ्याबाहेर पडू देणार नाही."