गॅलरीतलं रान

गुडघे गेले म्हणून लेकानं आमाला लोणीवरून मंचरच्या फ्लॅटात आणलं. मालकांचा जीव काय रमंना. मग त्यांनी गॅलरीत आठ कुंड्या मांडल्या आणि वांगी, मिरची, मेथी लावली. "आमी पिढीजात बागायतदार," हे साऱ्या बिल्डिंगला ऐकवून झालं.

सकाळी खुर्ची टाकून बसायचं आणि कुंड्यांकडं बघून सांगायचं, "पाणी कमी पडलंय. गवत माजलंय." कुणाला सांगत व्हते, देव जाणे. मी आतनं सगळं ऐकायची, पण जागची हालायची न्हाई.

मेथी उगवली तशीच वाळली. मिरचीची पानं आकसली. वांग्याला तर फूलसुदिक लागलं न्हाई. मग दोष नळाच्या पाण्याला, विकतच्या मातीला, आणि बी आणणाऱ्या लेकाला.

काल मला म्हणाले, "लोणीला फोन लाव. बायडाबाईला म्हणावं, दोन दिस येऊन जा. खुरपणी अडलीय."

आठ कुंड्यांची खुरपणी! आणि बोलवायचं कुणाला, तर जन्मभर आमच्या रानात माझ्या जोडीनं वाकून जिची कंबर गेली, त्या बाईला.

मी फोन हातात घेतला.

"बोलावते की. ती येईल, मी बी पदर खोचते. पण मालक, हितं बांध न्हाई. तुमी हुभं कुठं ऱ्हाणार?"