नवं पाकीट

"फाइबर नया है ना, अंकुर?" डॉक्टरांनी पडद्यावरची नजर न काढता विचारलं.

"हाँ सर, नया," ऑपरेशन थिएटरचा टेक्निशियन अंकुर म्हणाला.

फायबर नवी नव्हती. लेझरचा किरण आत नेणारी ती बारीक काचेची तार आदल्या दिवशी दोन प्रोस्टेट जाळून आली होती. टोक झिजून काळवंडलं होतं. नवं पाकीट कपाटात एकच होतं आणि ते अंकुरने मागे सारून ठेवलं होतं. पुढचा नंबर त्याच्या बाबांचा होता. डॉक्टरांना खरं सांगितलं असतं तर एक ऑपरेशन पुढे ढकललं गेलं असतं, आणि कोणाचं, ते त्याला ठाऊक होतं. स्टाफच्या बापाला कधीही थांबवता येतं.

टेबलावर केवलराम होते, बाबांचे जिवाभावाचे दोस्त. भिलाईच्या ब्लास्ट फर्नेसवर दोघांनी एकाच पाळीत तीस वर्षं काढली, ऑक्सिजनच्या जळत्या पाइपाने भट्टीचं तोंड उघडत. म्हातारपणी दुखणंही दोघांना एकच लागलं. यादीत पहिलं नाव बाबांचं, नत्थूचं होतं. पण सकाळी त्यांनीच हट्ट करून केवलरामांना पुढे केलं. बाबा घाबरले, असं अंकुरला वाटलं. जयासिस्टर हसली तेव्हा तो जरा ओशाळलाही.

डॉक्टरांनी पॉवर वाढवली, मग आणखी वाढवली. किरण फाकत होता. गाठीची वाफ व्हायच्या ऐवजी ती नुसती करपत होती आणि रक्त थांबत नव्हतं. गाठ फार कडक आहे, असं डॉक्टर पुटपुटले. अंकुरने वेळ मारून नेली. तासाभराचं काम अडीच तास चाललं. त्यानंतर नव्या फायबरने नत्थूचं चाळीस मिनिटांत आटोपलं.

दुसऱ्या दिवशी दोघांच्या खाटा शेजारीशेजारी होत्या. नत्थूच्या लघवीची पिशवी स्वच्छ होती आणि ते गाढ झोपले होते. केवलरामांची पिशवी लालभडक होती. रक्त थांबलं नाही तर परत टेबलावर घ्यावं लागेल, असं डॉक्टर सांगून गेले होते. चोराच्या मनात चांदणं; अंकुर पाय न वाजवता निघून जाणार होता, तेवढ्यात केवलरामांनी त्याचा हात धरला.

त्यांना माफी मागायची होती. आपली गाठच मेली दगडासारखी, म्हणाले. डॉक्टरला घाम फुटला, नत्थूला दुपारपर्यंत उपाशी ताटकळावं लागलं. या वयात लोकांना असा त्रास द्यायची लाज वाटते, म्हणाले. अंकुरला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"काका, तुमची गाठ..." अंकुरने सुरुवात केली.

"तुह्या बापाले सांगू नको, मी बोललो म्हणून," झोपलेल्या नत्थूकडे पाहत केवलराम हळूच म्हणाले. "भट्टीवर पयल्याले नवा पाइप भेटे, मागच्याले उरलेला. काल सकायी मले म्हणे, केवल, तू पयले जाय. नवं सामान तुले भेटन. मायं उरलेल्यावर भागते."